वणव्यातून बाहेर पडलेली बाई : मदत पोचते कुठवर?

(‘आपत्ती आणि स्त्रिया’ या विषयावरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भूकंप येतो, पूर येतो, दरडीखाली गेलेली वस्ती येते. वणवा सहसा येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगर पेटतात, गवत जळतं, गुरांचा चारा जातो; पण वणव्यामुळे अख्खं शहर रिकामं करावं लागलं, असं आपण पाहिलेलं नाही. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत ते पुन्हा पुन्हा घडतं आहे. मे २०१६ मध्ये कॅनडातल्या फोर्ट मॅकमरीमधून सुमारे ८८ हजार माणसं बाहेर काढावी लागली, आणि दक्षिणेकडे जायला हमरस्ता एकच होता. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात दीड लाखाहून अधिक लोकांवर घर सोडण्याची वेळ आली.

मग हे इतक्या लांबचं आपण इथं बसून कशासाठी बोलायचं? त्याचं कारण सांगते. हे पैसेवाले देश आहेत. तिथं सरकारकडे निधी असतो, घरांचे विमे असतात, प्रशिक्षित माणसं असतात, निवारे उभे करण्याची यंत्रणा असते. आपल्याला अधिकारी नेहमी सांगतात, ‘बाई, साधनंच अपुरी आहेत, त्यात बायकांचं वेगळं कुठं बघत बसणार?’ तिथं साधनं होती. तरीही मदत बाईपर्यंत पोचता पोचता जिथं अडकली, त्या जागा आपल्या चांगल्याच ओळखीच्या निघतात. म्हणून तिथला अनुभव आपल्या कामाचा आहे. मी पाच मुद्दे मांडणार आहे आणि शेवटी आपण काय करायचं ते बोलणार आहे.

१. निघायचं, हे कोण ठरवतं?

वणव्यात जीव वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वेळेवर निघणं. हे ऐकायला सोपं वाटतं. ऑस्ट्रेलियात अनेक वर्षं सरकारचं धोरण असं होतं, की तयारी करून एक तर थांबा आणि घर वाचवा, नाही तर लवकर निघा. निर्णय घरानं घ्यायचा. आता ‘घरानं’ म्हणजे कुणी?

तिथल्या अभ्यासकांनी १९०० ते २००८ या काळात वणव्यांत मेलेल्या ५५२ सामान्य नागरिकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. त्यातून असं दिसलं, की पुरुष बहुतेक करून घराबाहेर, मालमत्ता वाचवताना मेले. बायका आणि मुलं घरात आसरा घेतलेली असताना, किंवा अगदी शेवटच्या क्षणी पळताना मेली. या दोन वाक्यांत सगळा संसार आहे. पुरुषानं लढायचं, घर राखायचं, भ्यायचं नाही. बाईनं आत थांबायचं, मुलांना सांभाळायचं आणि तो म्हणेल तेव्हा निघायचं. तो म्हणतो तेव्हा उशीर झालेला असतो. पुरुषसत्ता बाईला मारते हे आपण जाणतोच. इथं ती पुरुषालाही मारते. मर्दानगीचा पुरावा म्हणून त्याला हातात नळी धरून आगीसमोर उभं केलं जातं.

७ फेब्रुवारी २००९ चा शनिवार ऑस्ट्रेलियात ‘ब्लॅक सॅटर्डे’ म्हणून ओळखला जातो. व्हिक्टोरिया राज्यात त्या वणव्यांत १७३ माणसं गेली आणि दोन हजारांहून अधिक घरं जळली. मेरीसव्हिल हे गाव जवळजवळ पुसलंच गेलं. त्यानंतर रॉयल कमिशन नेमलं गेलं, जुन्या धोरणाची तपासणी झाली आणि इशाऱ्यांत सर्वांत वरची नवी पायरी आणली गेली. त्या पायरीच्या दिवशी लवकर निघून जाणं हाच सुरक्षित मार्ग, असं स्पष्ट सांगितलं जाऊ लागलं. हा बदल योग्यच आहे. पण इशारा घरावर येतो आणि घरात कुणाचा शब्द चालतो हे इशारा देणारा विचारत नाही. गाडीची किल्ली कुणाकडे असते, पैसे कुणाकडे असतात, सासूला उचलून कोण नेणार, याची उत्तरं इशाऱ्याच्या आधीच ठरलेली असतात.

२. इशारा पोचला तरी पाय कुठले?

लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीना भागात ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी ‘इटन’ नावाची आग लागली. वस्तीच्या पूर्वेकडच्या लोकांना निघण्याचे आदेश त्याच संध्याकाळी मिळाले. पश्चिमेकडच्या भागाला आदेश मिळाला तो मध्यरात्र उलटून गेल्यावर, पहाटे तीननंतर. या आगीतले बहुतेक सगळे मृत्यू त्या पश्चिमेकडच्या भागात झाले. मेलेल्यांत बरेच वृद्ध आणि अपंग होते. हा भाग कृष्णवर्णीय कुटुंबांची जुनी वस्ती. इतरत्र त्यांना घरं मिळत नव्हती, त्या काळात ती तिथं वसली. तेव्हा कुणाला आधी उठवायचं हा प्रश्न तिथंही निव्वळ तांत्रिक राहत नाही.

कॅलिफोर्नियातल्याच पॅराडाइज गावात ८ नोव्हेंबर २०१८ ला वणवा शिरला. ८५ माणसं दगावली. त्यातली बहुसंख्य ६५ च्या पुढची. म्हातारपणी एकट्या राहणाऱ्यांत बायका किती असतात हे वेगळं सांगायला नको. गाडी नाही, किंवा डोळ्यांनी दिसत नाही म्हणून चालवता येत नाही, फोनवरचा संदेश वाचता येत नाही. अशा वेळी शेजारीण येऊन दार ठोठावते, तेवढीच काय ती यंत्रणा.

तिथून निघालेली माणसं शेजारच्या चिको शहरात गेली. निवारे भरले, तेव्हा अनेकांनी एका मोठ्या दुकानाच्या गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत तंबू टाकले. निवाऱ्यांमध्ये उलट्या-जुलाबाच्या विषाणूची साथ आली. आता तुम्हीच विचार करा. साथ आली की भांडी कोण उकळतं, पोरांची घाण कोण काढतं, रात्री कोण जागतं? घर जळलं तरी घरकाम जळत नाही. ते बाईच्या मागं मागं निवाऱ्यात येतं. उलट चूल नाही, न्हाणी नाही, दोरी नाही, आडोसा नाही, म्हणून ते तिप्पट होतं. आणि निवाऱ्याच्या कोणत्याही अहवालात त्या कामाचे तास लिहिलेले नसतात.

३. पैसा कुणाच्या हातात पडतो?

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, की मदतीचं एकक म्हणजे कुटुंब. कुटुंबाची पाहणी, कुटुंबाचा अर्ज, कुटुंबाची फाइल. अर्जावर पहिलाच रकाना असतो ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’. हा रकाना भरला, की बाकीची माणसं फक्त संख्या होतात.

अमेरिकेत आपत्तीनंतर मदत देणारी ‘फेमा’ ही केंद्र सरकारची यंत्रणा आहे. तिचा नियम सर्वसाधारणपणे एका घराला एक अर्ज असा. लॉस एंजेलिसच्या वणव्यांनंतर २०२५ मध्ये तातडीच्या गरजांसाठी मिळणारी रक्कम ७७० डॉलर होती, आणि तीही घरामागे. नवरा एका नातेवाइकाकडे आणि बायको मुलांना घेऊन दुसरीकडे, अशी फाटाफूट झाली असेल, किंवा ती त्याला आधीच सोडून जायच्या विचारात असेल, तर आधी अर्ज कुणी केला याला फार महत्त्व येतं.

आता याच्या शेजारी फोर्ट मॅकमरी ठेवून बघा. २०१६ मध्ये कॅनडाच्या रेडक्रॉसनं विस्थापितांच्या हातात थेट पैसे पोचवले. मोठ्या माणसामागे ६०० डॉलर आणि मुलामागे ३०० डॉलर. अल्बर्टा राज्य सरकारनंही कार्डावर पैसे दिले, मोठ्या माणसामागे १२५० आणि अवलंबून असलेल्या प्रत्येकामागे ५००. हिशोब घरामागे न करता माणसामागे केला गेला. आपल्याला हा फरक बारीक वाटेल, पण तो बारीक नाही. माणसामागे मोजलं, की बाईचा वाटा किती हे आकड्यात दिसतं. तो तिला मिळाला का, हे मग विचारता येतं. घरामागे मोजलं तर प्रश्नच विचारता येत नाही, कारण कागदावर ती स्वतंत्र माणूस म्हणून नसतेच.

आणखी एक गोष्ट. पैसे दिल्यानं बाईला हवं ते घेता येतं. कुणाला पॅड हवेत, कुणाला बाळाचं दूध, कुणाला बसचं तिकीट, कुणाला वकिलाची फी. जुन्या कपड्यांचे ढीग देणाऱ्याला समाधान देतात. घेणाऱ्या बाईला त्यातून अंगाला येईल असं काही शोधत बसावं लागतं.

४. आग विझल्यावर घरात काय होतं?

आता मी ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः आले, तिकडे येते.

ब्लॅक सॅटर्डेनंतर व्हिक्टोरियात मदतीचा पूर लोटला. रेडक्रॉसच्या निधीत ३७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम जमली. प्रत्येक बाधित कुटुंबाला एक केस मॅनेजर मिळेल अशी व्यवस्था झाली. मेरीसव्हिल, किंगलेक, फ्लॉवरडेल इथं तात्पुरत्या वसाहती उभ्या राहिल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, की याहून अधिक काय करता येईल?

त्या भागातल्या एका स्त्री-आरोग्य संस्थेतल्या डेब्रा पार्किन्सन आणि क्लेअर झारा यांनी पुढच्या दोन वर्षांत ३० बायकांशी आणि ४७ मदत-कर्मचाऱ्यांशी सविस्तर बोलून घेतलं. त्यांचा अहवाल २०११ मध्ये आला. त्यातून जे पुढं आलं ते असं. अनेक बायका नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, धमक्यांबद्दल बोलल्या. काहींच्या घरात हिंसा आधीपासून होती, ती वाढली. पण काही घरांत ती वणव्याआधी नव्हतीच. आणि या बायकांना गप्प बसवलं गेलं. कुणी बसवलं? नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, मदत करायला आलेल्यांनीसुद्धा. त्याची कारणंही ऐकून ठेवा. तो आगीशी लढला, तो वीर आहे. त्यानं खूप सोसलंय. त्याला वेळ दे. गावानं इतकं गमावलंय, त्यात तू आता हे काढू नकोस.

मैत्रिणींनो, ही वाक्यं आपल्याला भाषांतर करून घ्यावी लागत नाहीत. दारूबंदीच्या मोर्च्यात, शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर, गिरणी बंद पडल्यावर, प्रत्येक वेळी आपण ती ऐकली आहेत. पुरुषाचं दुःख खरं असतं, मी ते नाकारत नाही. पण त्या दुःखाचा भार बाईच्या पाठीवर उतरवायची परवानगी समाज देतो, आणि तिलाच समजूतदार राहायला सांगतो. ती पण त्याच आगीतून बाहेर आली आहे, तिचंही घर जळलं आहे, हे त्या क्षणी कुणाला आठवत नाही.

आणि यंत्रणेचं काय? केस मॅनेजर घरामागे एक. ज्या माणसाजवळ नवरा बसून घराचा आराखडा ठरवतो, त्याच माणसाजवळ बायकोनं मारहाणीचं सांगायचं. मदत-कर्मचाऱ्यांना या विषयाचं प्रशिक्षण नव्हतं. अनेक ठिकाणी त्याची नोंद होत नव्हती. नोंद नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून ‘असं इथं घडत नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे.

पुढे मेलबर्न विद्यापीठानं बाधित वस्त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. वणव्यानंतर तीन-चार वर्षांनी केलेल्या पाहणीत असं आढळलं, की जास्त जळालेल्या भागातल्या बायकांनी हिंसा सोसल्याचं प्रमाण कमी जळालेल्या भागांतल्या बायकांपेक्षा स्पष्टपणे अधिक होतं. पुरुषांमध्ये असा फरक दिसला नाही. आणि ज्या बायकांचं उत्पन्न बुडालं होतं त्यांच्या बाबतीत हिंसेची शक्यता जास्त होती. म्हणजे बाईचा रोजगार वाचवणं हे हिंसा रोखण्याचंच काम आहे. ते ‘नंतर बघू’ म्हणून मागं ठेवायचं काम नाही.

या कामातून तिथं पुढे काही उभं राहिलं, तेही सांगायला हवं. आपत्ती आणि घरगुती हिंसा या विषयावर मेलबर्नला २०१२ मध्ये परिषद झाली. २०१५ मध्ये स्त्री-आरोग्य संस्था आणि मोनॅश विद्यापीठ यांनी मिळून ‘जेंडर अँड डिझास्टर पॉड’ सुरू केलं, आणि अग्निशमन दल, मदत-कर्मचारी यांना या प्रश्नाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. तीस बायका बोलल्या, दोघींनी ते लिहून काढलं, तिथून ही सुरुवात झाली. बोलण्याची आणि लिहून ठेवण्याची ताकद कमी समजू नका.

५. ज्यांचं काम जळलं त्यांचं काय?

लॉस एंजेलिसचा पॅलिसेड्स हा भाग श्रीमंतांचा. त्या घरांत झाडलोट करणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायका लांबून बसनं यायच्या. त्यातल्या बऱ्याच मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोर अशा देशांतून आलेल्या. मालकाचं घर जळलं, मालक हॉटेलात गेला, त्याला विमा होता. हिचं घर शाबूत होतं, म्हणून ती ‘बाधित’ नव्हती. पण एका रात्रीत तिची चार-पाच कामं गेली. लेखी करार नाही, पगाराची पावती नाही, मग बुडालेल्या मजुरीचा पुरावा कुठून आणणार? कागदपत्रं नसतील, तर फेमाची रोख मदत नाही आणि आपत्तीचा बेकारी भत्ताही नाही. मूल तिथं जन्मलेलं नागरिक असेल तर मुलाच्या नावानं अर्ज करता येतो; पण सरकारी कार्यालयात जाऊन नाव-पत्ता द्यायचीच धास्ती असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

तिथं मदतीला आधी धावल्या त्या कामगारांच्याच संघटना. पॅसेडीनामध्ये रोजंदारी कामगारांच्या केंद्रातून माणसं रस्त्यावरचा कचरा उचलायला उतरली, त्याच केंद्रातून अन्न आणि गरजेच्या वस्तू वाटल्या गेल्या. आपल्या घरकामगार संघटनांनी हे लक्षात ठेवावं. सोसायटी पाण्यात जाते किंवा इमारत रिकामी होते, तेव्हा तिथं काम करणाऱ्या बाईचं नाव कोणत्याच यादीत नसतं. ती यादी आपल्यालाच करून ठेवावी लागेल.

भाड्यानं राहणाऱ्यांचीही हीच गत. कॅलिफोर्नियात आणीबाणी जाहीर झाली, की भाडं १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायला कायद्यानं बंदी आहे. तरीही २०२५ च्या वणव्यांनंतर त्याहून जास्त भाडं मागणाऱ्या जाहिराती झळकल्या. एकट्या बाईला, मुलं असलेल्या बाईला घर मिळणं आधीच अवघड. घर मिळत नाही म्हणून मारणाऱ्याकडेच परत जावं लागतं, हे आपल्या सल्ला केंद्रात आपण रोज बघतो.

आता आपल्या दारात

आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या ६१ व्या कलमात म्हटलंय, की मदत देताना लिंग, जात, जमात, वंश, धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम पाठ करा. मूळ कायद्याच्या १२ व्या कलमात किमान मदतीच्या निकषांत विधवा आणि अनाथ यांच्यासाठी खास तरतूद करायला सांगितलं आहे. चांगलं आहे. पण बघा, कायद्याला बाई दिसते ती नवरा मेल्यावर. परित्यक्ता, एकटी राहणारी, नवरा जिवंत असून मार खाणारी, या त्या ओळीत नाहीत. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदाही २००५ चाच. दोन्ही कायदे एकाच वर्षी जन्मले, पण निवाऱ्याच्या दारात त्यांची गाठ पडत नाही. संरक्षण अधिकारी तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात आहे का, हे आपण विचारलंच पाहिजे.

आणि आपल्याकडे काहीच अनुभव नाही असं समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या प्रयत्नातून महिला मंडळांतल्या बायका हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमल्या गेल्या. कुणाला किती मदत मिळणार हे त्यांनी लोकांना समजावलं, बांधकामावर लक्ष ठेवलं, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. चूल सोडून कधी बाहेर न बोललेल्या बायकांनी सिमेंटच्या पोत्यांचा हिशोब मागितला. मदत घेणारी बाई मदत चालवूही शकते, हे मराठवाड्यात तीस वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे.

तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक गटानं एवढं करायचं आहे.

एक, वस्तीतल्या एकट्या, वृद्ध, अपंग, गरोदर आणि बाळंतीण बायकांची यादी करा, आणि प्रत्येकीच्या दारात कोण जाणार ते आत्ताच ठरवा.

दोन, ज्या बाईच्या घरात हिंसा आहे तिची कागदपत्रं, बँकेचं पासबुक, औषधं, चार फोन नंबर यांची एक पिशवी तयार असू द्या. ती गटातल्या विश्वासाच्या बाईकडे ठेवता येईल.

तीन, निवाऱ्यातल्या नोंदवहीतून बाईचा ठावठिकाणा कुणालाही दिला जाणार नाही, अगदी नवऱ्यालाही तिच्या संमतीशिवाय नाही, असा लेखी नियम मागा. हरवलेल्यांचा शोध घ्यायची वही शोधत येणाऱ्याच्या हातात पडू नये.

चार, मदतीची मोजणी माणसामागे करा आणि रक्कम बाईच्या स्वतःच्या खात्यात द्या, अशी मागणी करा. घर पुन्हा बांधलं जाईल तेव्हा त्यावर दोघांचं नाव हवं.

पाच, निवाऱ्यात बाईला एकटीला बोलता येईल अशी खोली आणि ऐकणारी बाई हवी. आडोसा, दिवा आणि आतून कडी असलेलं संडास हवं. पाळणाघर हवं. पॅड ही मागून घ्यायची वस्तू असू नये, ते समोर ठेवलेले असावेत.

सहा, लिहून ठेवा. तारीख, वार, काय झालं, कुणी काय म्हटलं. आकडा सरकार देत नसेल तर आपण देऊ.

हे घेऊन तहसील कार्यालयात जा. चार-पाच जणी जा, एकटीनं जाऊ नका. आराखड्याची प्रत मागा. ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यावर बोट ठेवा आणि विचारा, की या रकान्यात बसत नाहीत त्या बायका तुमच्या कागदात कुठं आहेत? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.